धुराड्याचा नळ व घरची चूल : शिरूर कासार परिसरातील घरांच्या संदर्भात एक विवेचन

घरात धुराड्याची चूल बसवावयाची ठरली म्हणजे बहुधा पुढील क्रम घडतो. प्रथम चूल येते. ती घरच्या स्त्रीने मातीची घातलेली असते किंवा साच्यातून काढलेली सिमेंटची विकत आणलेली असते. मग तिच्या मागच्या छिद्रात बसेल असा नळ बाजारातून आणला जातो. सर्वांत शेवटी तो नळ छतातून कोठून बाहेर काढावयाचा, याचा शोध सुरू होतो. तुळई आड आली तर नळाला वाकण दिले जाते. नळ तोकडा पडला तर तो पत्र्याच्या खालीच थांबतो. धूर घरातच राहतो आणि दोष चुलीच्या माथी येतो. हा क्रमच मुळात उलटा आहे. आधी छत पाहावे, त्यावरून नळ ठरवावा आणि त्या नळाला साजेल अशी चूल निवडावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याची कारणे काही भौतिकशास्त्रीय आहेत, काही बाजारातील व्यवहारांत आहेत आणि काही घराच्या बांधणीत व कुटुंबाच्या वर्षाच्या फेऱ्यात आहेत.

विवेचनासाठी बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हा तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे. पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे शिरूर व लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ यांहून हे शिरूर निराळे. सिंदफणेच्या काठी वसलेले हे गाव बालाघाटच्या डोंगररांगांच्या सान्निध्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथले जळण म्हणजे दाट जंगलातील लाकूड नव्हे. कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, ज्वारीची धसकटे, बाभळीच्या व वेड्या बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या, असे हे मिश्र सरपण आहे. जुनी घरे माळवदाची, नवी पत्र्याची किंवा सिमेंटच्या स्लॅबची. शिवाय या भागातील फार मोठा वर्ग ऊसतोडणीसाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतो आणि गाळप हंगाम संपल्यावर परततो. जळण, छत आणि स्थलांतर या तिन्ही गोष्टींचा नळाशी निकट संबंध आहे, हे पुढे दिसेल.

या प्रदेशाला धुराड्याच्या चुलीचा इतिहासही अगदी जवळचा आहे. तो सहसा लक्षात घेतला जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचे काम केले आणि कोट्यवधींच्या स्वयंपाकघरांतून धूर हटविण्याच्या उद्देशाने लिहिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाले. त्यांच्या चुलीत जाळ एकाच तोंडाशी लावावयाचा, तो धूरमार्गाने एकामागून एक भांड्यांखालून न्यावयाचा आणि शेवटी धुराड्यातून बाहेर सोडावयाचा, अशी योजना होती. दुसरीकडे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या परिसरात ‘मगन चूल’ आकारास आली. म्हणजे शिरूरच्या दोन्ही अंगांना, तेलंगणात व विदर्भात, हे प्रयोग स्वातंत्र्याच्या आगेमागे चालू होते. पुढे १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत त्याखाली देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. पुण्याच्या ज्या संस्थेला लोक ‘आरती’ या संक्षिप्त नावाने ओळखतात त्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने महाराष्ट्रात ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची, धुराडे असलेली चूल साच्यांच्या साहाय्याने प्रसृत केली. या साऱ्या उद्योगात मोजमाप चुलींचे झाले. नळांची मोजदाद कोणी केली नाही. नळ ही चुलीची पुरवणी समजली गेली.

वस्तुतः धुराड्याच्या चुलीत नळ हेच यंत्र आहे आणि चूल ही त्या यंत्राची भट्टी आहे. धूर ‘वर जातो’ असे आपण म्हणतो, परंतु तो आपल्या बळावर जात नाही. त्याला बाहेरची जड हवा ढकलून देते. नळातील तप्त वायू विरळ व हलका असतो, बाहेरचा तेवढ्याच उंचीचा हवेचा स्तंभ जड असतो. या दोन स्तंभांच्या वजनातील फरक म्हणजे धुराड्याची ओढ. हा फरक उंचीच्या प्रमाणात वाढतो आणि दोन्हींकडील तापमानांच्या अंतरावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या ठिकाणी बाहेर ३० अंश सेल्सिअस व नळात सरासरी १५० अंश तापमान धरले, तर ३ मीटर उंच नळाची ओढ सुमारे ९ पास्कल भरते. पाण्याच्या स्तंभात सांगावयाचे तर हा दाब एक मिलिमीटरसुद्धा नाही. नळातील वायू ८० अंशांपर्यंत थंडावला की ओढ निम्म्यावर, म्हणजे साडेचार पास्कलवर येते. १५० अंशांच्याच हिशेबाने हिवाळ्यातील १२ अंशांच्या पहाटे ती ११ पास्कलपर्यंत जाते, तर वैशाखातील ४० अंशांच्या दुपारी ८ वर उतरते. इतक्या क्षीण शक्तीवर सर्व व्यवहार चालावयाचा असल्यामुळे नळातील प्रत्येक वाकण, प्रत्येक फट आणि काजळीचा प्रत्येक थर जाणवतो. पाण्याच्या नळात असे काही खपून जाते, कारण तेथे मागे टाकीचा किंवा मोटारीचा जोर असतो.

हे तत्त्व मराठी घरांना अपरिचित नाही. अंघोळीचे पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब हे त्याचे उत्तम उदाहरण होय. बंबाच्या पोटातून उभा नळ जातो, खाली जाळीवर चार काटक्या पेटवितात आणि सभोवतीचे पाणी तापते. बंबाला फुंकणी क्वचितच लागते. एकदा नळ तापला की जाळ आपोआप घोंघावू लागतो. नळ सरळ, उभा आणि जाळाच्या थेट वर असल्याचा हा परिणाम आहे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांनी ओढीचे गणित मांडले नसेल, पण नळ वाकडा करून चालत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या गावाच्या नावातच ‘कासार’ हा धातूच्या धंद्याशी जोडलेला शब्द आहे तेथे चुलीचा नळ मात्र मिळेल त्या पत्र्याचा असावा, ही थोडी खेदाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

आता नळाच्या व्यासाचा प्रश्न. बाजारात तीन इंची व चार इंची, म्हणजे ७५ व १०० मिलिमीटरचे नळ मिळतात आणि पहिला स्वस्त पडतो. त्याचे एक कारण पत्र्याच्या कातरकामात आहे. ७५ मिलिमीटरच्या नळाला शिवणीसह सुमारे २५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी लागते, तर १०० मिलिमीटरच्या नळाला सुमारे ३३ सेंटिमीटरची. तीन फूट रुंदीच्या पत्र्यातून पहिल्या प्रकारचे तीन नळ निघतात, दुसऱ्याचे दोनच निघतात आणि वर तुकडा वाया जातो. कारागिराने तीन इंची नळाची शिफारस केली तर तिच्यामागे हे साधे गणित असू शकते. त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. तथापि घेणाऱ्याने दुसरे गणित करावयास हवे. सारख्याच प्रमाणात वायू वाहून न्यावयाचा असेल तर घर्षणाने होणारा दाबाचा व्यय व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून तीन इंची नळात तो चार इंची नळाच्या चौपटीहून अधिक असतो. स्वच्छ नळाच्या बाबतीत हे कदाचित् निभावेल. एका तासात किलो-दीड किलो जळण जाळणाऱ्या घरगुती चुलीला स्वच्छ तीन इंची नळ पुरतोही. परंतु नळ स्वच्छ राहत नाही. आतून सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर काजळी चढली की ७५ चा नळ ५५ चा होतो आणि त्याचे छिद्र जवळजवळ निम्म्यावर येते. त्या अवस्थेत त्याचा दाबाचा व्यय स्वच्छ चार इंची नळाच्या सुमारे वीसपट होतो. तेवढीच काजळी चार इंची नळात चढली तर व्यय तिपटीने वाढतो, पण धूर जात राहतो. सारांश, चार इंची नळ घेताना आपण काजळीसाठी जागा विकत घेत असतो. गोवऱ्या व ओलसर सरपण जाळणाऱ्या घराला ती जागा अवश्य हवी.

याचा अर्थ नळ जितका रुंद तितका बरा, असा मात्र नव्हे. सहा इंची नळात वायू मंद गतीने चढतो, वाटेतच थंडावतो आणि ओढ गमावतो. शिवाय मोकळी ओढ मिळाली तर अनावश्यक हवा चुलीतून खेचली जाऊन भांड्याची उष्णता बाहेर जाते. काउंट रम्फर्ड याने १७९६ मधील आपल्या निबंधात युरोपातील धूर ओकणाऱ्या शेकोट्यांचे दुखणे धुराड्याच्या अतिरुंद गळ्यात शोधले होते आणि तो गळा चार इंचांपर्यंत आवळण्यास सांगितले होते. त्या शेकोट्यांची रचना आपल्या चुलीहून अगदी वेगळी. तरी अतिरुंद मार्गही अतिअरुंद मार्गाइतकाच सदोष असतो, हे तत्त्व दोन्हींकडे एकच.

नळ कशाचा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर देताना काय घेऊ नये तेच आधी सांगणे सोयीचे आहे. पाण्याच्या पाइपलाइनचे पीव्हीसी नळ या भागात शेतोशेती पडलेले असतात आणि त्यांचा उरलेला तुकडा चुलीला लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि जळू लागले म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. तेव्हा हा विचार समूळ सोडावा. दुसरा वर्ज्य पदार्थ ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ. सुधारित चुलींच्या सरकारी कार्यक्रमात हाच नळ सर्रास वापरला गेला, कारण तो स्वस्त होता, गंजत नव्हता आणि उष्णता बऱ्यापैकी सहन करीत होता. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. फुफ्फुसांच्या रक्षणासाठी बसवावयाच्या वस्तूत हे द्रव्य असणे विपरीत होय. जुन्या घरात असा नळ बसलेला असेल तर तो कापू, घासू किंवा फोडू नये. काढावयाचाच झाला तर ओला करून अखंड उतरवावा.

राहिला पत्रा. तेलाच्या रिकाम्या डब्यांपासून वळलेला नळ फुकटात पडतो, पण इतका पातळ असतो की गोवऱ्यांच्या धुरातील आम्लधर्मी ओल त्याला फार काळ टिकू देत नाही. जस्ती पत्रा घ्यावयाचा तर २४ गेजचा, म्हणजे ०.५६ मिलिमीटर जाडीचा, पाहून घ्यावा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे ग्राहकाच्या ध्यानात नसते. २८ गेज म्हणजे केवळ ०.३८ मिलिमीटर. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही त्याचा थर दीर्घकाळात खराब होतो. यास्तव जाळाला लागून असलेला पहिला हात-दीड हात जस्ती पत्र्याचा नसावा. तेथे कुंभाराकडील भाजलेल्या मातीचा नळ, बिडाचा तुकडा किंवा चुलीबरोबरच घडविलेला मातीचा मार्ग असावा आणि त्यावर जस्ती नळ चढवावा. गंजरोधक पोलादाचा नळ सर्वांत टिकाऊ, पण त्याची किंमत पाहता तो सर्वांना परवडेल असे नाही. भाजलेल्या मातीचे निमुळते नळ एकमेकांत बसवून केलेले धुराडे हा उत्तम आणि दुर्दैवाने मागे पडलेला पर्याय आहे. माती उष्णता धरून ठेवते, गंजत नाही आणि आतला वायू ऊबदार राहिल्यामुळे ओढही टिकते. वजन अधिक असल्यामुळे त्याला खालून आधार मात्र हवा.

नळाचे तुकडे जोडण्याच्या बाबतीत एक चूक सार्वत्रिक आहे. धूर खालून वर जातो म्हणून खालच्या तुकड्याचे तोंड वरच्याच्या आत घातले जाते, आणि विचार सयुक्तिकही वाटतो. परंतु नळातून वर धूर जात असतानाच खाली ओल येत असते. जळणातील पाण्याची वाफ व डांबरट द्रव्ये थंड भागात निवळून भिंतीवरून ओघळतात. खालचा तुकडा आत असेल तर हा ओघळ सांध्यातून बाहेर पडतो आणि भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. म्हणून वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत उतरले पाहिजे. छताच्या वर मात्र याच रचनेने पावसाचे पाणी सांध्यात शिरू शकते. तेथे शक्यतो सांधा येऊच देऊ नये, एकच अखंड तुकडा वापरावा.

काटकोनी वाकणाचा अडथळा सरळ नळाच्या दोन ते तीन मीटर लांबीइतका असतो. म्हणजे तीन मीटरच्या धुराड्याला एक काटकोन दिला की त्याचे घर्षण दुप्पट होते आणि उंची मात्र तेवढीच राहते. वाकण अपरिहार्यच असेल तर ४५ अंशांची दोन वाकणे, मध्ये थोडे अंतर ठेवून, द्यावीत. नळाच्या वर पावसासाठी टोपी हवी. पण ती नळाच्या तोंडाला चिकटून बसविली तर नळ कोंडतो. टोपी व तोंड यांमधील मोकळी जागा व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असली तर भूमितीनुसार ती नळाच्या छिद्राइतकी भरते. व्यवहारात निम्म्या व्यासाइतकी, म्हणजे चार इंची नळाला दोन इंच, ठेवणे श्रेयस्कर. तोंड छताच्या वर किती असावे यासंबंधी अमेरिकेतील दंडक उपयोगी पडण्याजोगा आहे : छतातून जेथे नळ निघतो तेथून निदान ३ फूट वर, आणि सभोवतीच्या १० फुटांत जे काही उंच असेल त्याहून २ फूट अधिक. माळवदाच्या कठड्यामागे किंवा शेजारच्या मजल्याच्या आडोशाला वाऱ्याचे भोवरे होतात आणि धूर उलटा खाली येतो, याचा अनुभव दाट वस्तीत नेहमी येतो.

छताकडे वळू. माळवदाच्या घरात या बाबतीत पूर्वजांनी एक सोय करून ठेवलेली आहे. स्वयंपाकघराच्या माळवदाला उजेडासाठी व धुरासाठी सवणे ठेवलेले असते. ही जागा तुळयांच्या मधोमध, नेमकी सुरक्षित स्थळी असते. नव्याने भोक पाडावे लागत नाही आणि पांढऱ्या मातीचा थर फुटून गळती लागण्याचे भय राहत नाही. चूल सवण्याखाली सरकविता येत असेल तर नळ सरळ उभा जाईल, हे उघड आहे. तरीही चुलीची परंपरागत जागा कोपऱ्यात किंवा भिंतीकडेला असल्याने नळ वाकविण्याचाच विचार आधी सुचतो. चूल हलविणे ही घरात मोठी गोष्ट असते, हे मान्य केले तरी या एका स्थलांतराने जितका लाभ होतो तितका महागड्या चुलीनेही होत नाही. माती स्वतः जळत नाही, पण तिच्या खालच्या फळ्या व तुळया जळतात. एकेरी पत्र्याच्या नळापासून जळाऊ वस्तू १८ इंच दूर असावी, असा अमेरिकेत नियम आहे. आपल्याकडे तेवढे अंतर मिळणे कठीण. म्हणून सवण्याच्या जागी नळाभोवती दुसरा रुंद पत्र्याचा वेढा ठेवून मधली पोकळी कोरड्या राखेने किंवा मातीने भरावी.

पत्र्याच्या छताला भोक पाडणे सोपे असते, पण ते बुजविणे कठीण. नळाचा पत्रा तापतो, प्रसरण पावतो, थंडावतो. त्यामुळे सिमेंटने लिंपलेली कड दोन-चार महिन्यांत सुटते आणि मृगाच्या पहिल्या पावसात चुलीवर पाणी येते. नंतर घरधनी नळ काढून टाकतो आणि भोकावर तुकडा ठोकतो. नळ भोकात घट्ट बसवू नये, मोकळा ठेवावा आणि नळालाच वरून छत्रीसारखी गळपट्टी जोडून तिने भोक झाकावे, हा साधा उपाय होय. भिंतीतून नळ आडवा काढून बाहेर उभा करण्याची पद्धत स्लॅबच्या घरांत दिसते. तीत काटकोनही आला आणि नळाचा बहुतेक भाग बाहेरच्या थंडीत गेला, म्हणजे ओढीची दुहेरी हानी झाली. नाइलाज असेल तेथेच ती स्वीकारावी आणि मग नळाची उंची वाढवून भरपाई करावी.

इतके ठरल्यावर चुलीची निवड करावी. शिरूरच्या चुलीला ज्वारीची भाकरी भाजावयाची असते, ही या निवडीतील निर्णायक गोष्ट आहे. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की तवा बाजूला करून किंवा चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी धरून ती फुगवितात. ज्या चुलींचे तोंड जळण वाचविण्यासाठी फार लहान केलेले असते, त्यांत हा आर पुढे ओढता येत नाही. मग स्त्रिया तोंड फोडून मोठे करतात आणि तपासणीला आलेल्या माणसाला तो ‘लाभार्थींचा अडाणीपणा’ वाटतो. वास्तविक ती चुलीची परीक्षा असते आणि चूल तीत नापास झालेली असते. तोंड रुंद ठेवून पुढे आरासाठी थोडी सपाट जागा सोडलेली चूल घ्यावी. रुंद तोंडातून अधिक हवा आत जाते तिचा भार चार इंची नळ पेलू शकतो. नळ आधी ठरवावा, या म्हणण्याचा एक अर्थ हाही आहे.

दुसरी बाब वैलाची. आपल्या जुन्या चुलीला जोडून वैल असतो. मुख्य जाळातून निसटणारी उष्णता त्याखालून जाते आणि त्यावर दूध किंवा आमटी मंद राहते. दोन भांड्यांची धुराड्याची चूल ही तत्त्वतः याच चूल-वैलाची सुधारलेली आवृत्ती होय, आणि नळाची जागा वैलाच्या मागे असणे हे तीत ओघानेच येते. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. जुन्या चुलीवर भांडे तीन उंचवट्यांवर टेकते आणि त्या फटींतून धूर व ज्वाळा बाहेर येतात. धुराड्याच्या चुलीत भांडे छिद्रावर घट्ट बसले पाहिजे. फट राहिली तर नळ जाळाऐवजी त्या फटीतून खोलीतील थंड हवा खेचतो आणि जाळ मरगळतो. वैलावर भांडे नसेल तेव्हा ते छिद्र झाकणाने बंद करावे लागते, तेही याच कारणाने. घरातील भगुण्यांच्या बुडांचे माप न घेता साच्यातली चूल आणणे म्हणजे पायाचे माप न देता वहाणा शिवून घेण्यासारखे आहे.

चूल जमिनीवर असावी की ओट्यावर, हा प्रश्न हल्ली नव्या घरांत उपस्थित होतो. उभ्याने स्वयंपाक करण्यात कंबरेला आराम असतो हे खरे. पण परातीत भाकरी थापण्याचा जोर बसून जितका येतो तितका उभ्याने येतो का, हे ज्या स्त्रीला रोज पंधरा-वीस भाकरी थापावयाच्या आहेत तिलाच विचारावे. नळाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. एकूण ३.३ मीटर उंचीच्या धुराड्यात चूल ७० सेंटिमीटरच्या ओट्यावर चढविली तर नळाची उंची, आणि म्हणून ओढही, सुमारे एकवीस टक्क्यांनी घटते. तेवढा नळ वर वाढविला पाहिजे.

धुराडे खोलीतील धूर घटविते, जळणातून निर्माण होणारा घटवीत नाही; तो शेजाऱ्याच्या खिडकीपाशी नेऊन सोडते. अरुंद बोळांच्या वस्तीत या मर्यादेचा विसर पडू नये. तसेच धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका संपला, असेही नाही. रात्री उरलेल्या आरातून दृश्य धूर येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो. ऊब टिकावी म्हणून नळाचे तोंड बोळ्याने बंद करून बंद खोलीत झोपणे प्राणघातक ठरू शकते. नळात झडप बसविण्याची हौस याच कारणास्तव टाळलेली बरी.

मुख्य अडचण मात्र बसविल्यानंतर सुरू होते. ओडिशातील खेड्यांत धुराड्याच्या मातीच्या चुलींचा दीर्घकालीन अभ्यास एस्थर ड्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना यांनी केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासातील धुराचे प्रमाण घटले. पुढील वर्षांत तो लाभ उरला नाही, कारण चुलींचा वापर व देखभाल दोन्ही ओसरली. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात का हरते, याचे उत्तर तेथे मिळते. त्याच वर्षी १ मे रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली. तरी अंघोळीचे पाणी, भाकऱ्या आणि जनावरांची आंबवण यांसाठी चूल शेजारी तशीच पेटते. सिलिंडर जपून वापरावयाची वस्तू आणि सरपण शेतात पडलेले, असा हा व्यवहार आहे. तेव्हा नळाचा प्रश्न कालबाह्य झालेला नाही.

ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत देखभालीला निराळेच वळण मिळते. कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीसमोर तीन दगडांची चूल मांडली जाते. तेथे नळाचा संबंध नाही, आणि पाचटाच्या छपरातून पत्र्याचा नळ काढणे तर सरळ आगीला निमंत्रण देणे होय. गावाकडचे घर त्या काळात कुलूपबंद असते. पाच-सहा महिने थंड राहिलेल्या नळात चिमण्या काड्या भरतात, कुंभारीण माशी चिखलाची घरटी बांधते आणि ओल धरून आतली काजळी पापुद्र्यांनी सुटते. परतल्यावर पहिल्याच दिवशी चूल पेटविली की सगळा धूर घरात येतो आणि नळ ‘बिघडला’ असा शेरा पडतो. जाताना नळाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि आल्यावर चूल पेटविण्यापूर्वी ती न चुकता काढावी. जाळी कायमची ठेवू नये, कारण चालू चुलीत ती काजळीने बुजते. पहिल्या दिवशी चुलीत जाळ करण्याआधी नळाच्या बुडाशी पऱ्हाट्यांची लहानशी जुडी पेटवून नळ तापवून घ्यावा. ओढ एकदा लागली की मग चूल पेटवावी.

माळवदाच्या घरांत दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी वर चढून पांढरी माती पसरतो आणि भेगा बुजवितो. त्याच फेरीत दोरीला दगड व काथ्याचा बोळा बांधून नळातून दोनदा खाली-वर केला तर वर्षाची मोठी सफाई उरकते. पत्र्याच्या घरावर मात्र सहसा कोणी चढत नाही. पत्रा दबतो, घसरतो आणि तापलेलाही असतो. तेथे वरून सफाई होईल असे धरून चालणे म्हणजे ती होणार नाही हे मान्य करणेच आहे. अशा घरासाठी नळ घेताना बुडाशी सफाईचे तोंड असलेला तुकडाच मागावा आणि त्याचे झाकण चिमट्याशिवाय, नुसत्या हाताने निघेल असे करून घ्यावे. स्वयंपाक करणारी स्त्री चूल थंड असताना ते काढून, लांब काठीला बांधलेल्या चिंधीने, कोणाची वाट न पाहता काजळी खाली पाडू शकते. आठवड्याला जमणारी काजळी ओंजळभर असते; महिनाभर राहू दिली तर ती कडक होऊन चिकटते आणि मग नळच उतरवावा लागतो.